जावावाले

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये वर्तमानपत्र अंथरून त्यावर उताणा पडलेला, पोट सुटलेला, चष्मा कपाळावर चढवलेला पन्नाशीचा माणूस दिसला तर घाबरून ॲम्ब्युलन्स बोलावू नये. ते जावावाले असतात. त्यांना काहीही झालेलं नसतं. जे काही झालेलं असतं ते गाडीला, आणि तेही बहुतेक वेळा त्यांनीच केलेलं असतं.

जावावाले एरवी बँकेत मॅनेजर असतात, सॉफ्टवेअर कंपनीत कुणीतरी असतात, एखादे भूलतज्ज्ञही निघतात. मिस्त्री मात्र कधीच नसतात. मिस्त्री ॲक्टिव्हावरून येतो. जावावाल्यांपुढे हात केलात तर ते मनगट पुढे करतात, कारण पंजा ग्रीसने भरलेला असतो. हे ग्रीस साबणाने जातं. ते जाऊ द्यायचं नसतं. सोमवारी मीटिंगमध्ये कुणीतरी नखांकडे बघून "हे काय हो?" असं विचारावं आणि मग पाऊण तास आपला, अशी त्यामागची योजना असते.

जुन्या मोटारसायकलींच्या भक्तांत पंथ बरेच. बुलेटवाल्यांचा पंथ मोठा आणि त्याला आवाजही मोठा. आरएक्स हंड्रेडवाले वयाने लहान, त्यांना घाई असते. राजदूतवाले तालुक्याच्या गावी सापडतात, पण आपण भक्त आहोत याचा त्यांना पत्ताच नसतो. ते अजून तिला किटल्या लावून दूध घालतात. जावावाले पुण्यात. त्यांना आवाजही नको आणि घाईही नको. त्यांना श्रोता हवा.

श्रोता मिळाला की ते 1929 सालापासून सुरुवात करतात. यानेचेक नावाचा झेक कारखानदार, वांडरर नावाची जर्मन कंपनी, दोघांच्या नावांची इंग्रजीतली पहिली दोन-दोन अक्षरं जोडून जावा. हे ते बारशाला गेले तरी सांगतात आणि पाळण्यातल्या पोरीचं नाव कानात सांगायचं राहून जातं. तिथून गोष्ट म्हैसूरला येते. 1961 मध्ये इराणींच्या आयडियल जावा कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या, पुढे 1973 च्या सुमारास टाकीवरचं नाव येझदी झालं, 1996 मध्ये कारखाना बंद पडला. शेवटचं साल सांगताना ते थोडे थांबतात. आपणही थांबावं, चहाचा कप तेवढ्या वेळात संपवता येतो. 2018 मध्ये जावा याच नावाने नवी गाडी बाजारात आली तेव्हा लोकांनी त्यांना अभिनंदनाचे फोन केले. ते शोरूममध्ये गेले, गुडघ्यावर बसून रेडिएटर पाहिला आणि "चांगली आहे" म्हणाले. सदाशिव पेठेतला माणूस कोल्हापूरच्या मिसळीला ज्या आवाजात चांगली म्हणतो, तो आवाज.

गाडीचं प्रात्यक्षिक सक्तीचं असतं. जावाला किक आणि गिअर यांचा दांडा एकच. आत दाबून वर फिरवला की किक, गाडी सुरू झाली की खाली आणून गिअर. शिवाय दांड्यावर पाय पडला की क्लच आपोआप सुटतो, त्यामुळे हाताने क्लच न धरताही गिअर पडतो. सगळं इंजिन 250 सीसीचं, सिलिंडर एक, सायलेन्सर मात्र दोन. हे ज्ञान आमच्या सोसायटीत येणाऱ्या प्रत्येक कुरिअरवाल्याला आहे. तो बिचारा "काका, ओटीपी सांगा" म्हणत उभा असतो आणि जावावाले त्याला "आधी हे बघ" म्हणून दांडा फिरवून दाखवत असतात. दिवे 6 व्होल्टचे. गाडी न्यूट्रलला उभी असेल तर हेडलाइट लागलाय की नाही हे बघायला मोबाइलचा टॉर्च लावावा लागतो. या गोष्टीचाही त्यांना अभिमान आहे.

आता मुख्य कार्य. गाडी वडिलांची, 1971 ची. वडील गेल्यावर काही वर्षं जिन्याखाली ताडपत्रीत पडून होती, ती जावावाल्यांनी बाहेर काढली आणि "जरा साफ करून घेऊ" म्हणत पार सांगाड्यापर्यंत उघडली. गाडी उघडायला एक शनिवार पुरला. जोडणं अजून चालू आहे. सुटे भाग श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत, वर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर सुवाच्य अक्षरात नाव. पाडव्याला वहिनींनी पुऱ्या तळल्या, फ्रिजशेजारचा डबा उघडला आणि आत क्लचप्लेटा ऑइलमध्ये भिजत पडलेल्या. "अहो, हे काय?" तर म्हणाले, "कॉर्कच्या आहेत. बसवायच्या आधी रात्रभर भिजवाव्या लागतात." हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं, की साबुदाणा राहिला बाजूला.

टाकी आतून गंजलेली होती. तीत रॉकेल आणि जुन्या चेनचा तुकडा घालून ती हलवत राहायची, म्हणजे गंज सुटतो. हलवणार कोण? मे महिना होता, मुलांना सुट्टी होती, टाकीमागे एक कुल्फी असा दर ठरला. सोसायटीतली यच्चयावत पोरं आळीपाळीने टाकी कवेत घेऊन नाचत होती. आतून चेनचा जो काही आवाज यायचा, त्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी दुपारची झोप कायमची सोडली. गंज निघाला. त्याबरोबर टाकीला तळाशी तीन भोकं आहेत हेही निघालं. इतकी वर्षं ती गंजानेच बुजलेली होती.

पण सायलेन्सरचा प्रकार सोसायटीच्या इतिवृत्तात नोंदला गेला आहे. ही टू-स्ट्रोक गाडी. पेट्रोलमध्येच लिटरमागे तीस-चाळीस मिली ऑइल मिसळायचं असतं. ते सगळं जळत नाही, उरलेलं सायलेन्सरमध्ये डांबरासारखं बसतं आणि गाडीचा श्वास कोंडतो. मग चढावर ती बसते. उपाय जुना आहे: सायलेन्सरच्या आतली जाळीची नळी काढायची आणि गोवऱ्यांच्या आगीत भाजायची. जावावाल्यांनी गच्चीवर गोवऱ्या पेटवायची परवानगी मागितली, सेक्रेटरींनी नाकारली. लेखी. जावावाले काही बोलले नाहीत. फाल्गुन पौर्णिमेला सोसायटीची होळी पेटली तेव्हा लाकडं रचायला सगळ्यात पुढे तेच होते. आजवर त्यांनी वर्गणीसुद्धा तीनदा मागितल्याशिवाय दिलेली नव्हती, त्यामुळे सगळ्यांना बरं वाटलं.

बायकांनी प्रदक्षिणा घातल्या, नारळ पडले, पुरणपोळीचा नैवेद्य पडला आणि होळीने एकाएकी काळा, पिवळट, जाड धूर सोडला. त्या धुरात 1971 पासूनचं सगळं ऑइल होतं. पहिली बोंब परंपरेने मारली गेली. दुसरी सेक्रेटरींनी मारली आणि ती मनापासूनची होती. दोऱ्यांवरचे कपडे, खिडक्यांचे पडदे, बी विंगमधल्या एका नवीन सुनेची पहिली होळी, सगळ्यावर तो वास बसला. जावावाले ज्वाळांकडे बघत शांत उभे होते. धुळवडीच्या सकाळी लोक अंगाला लावायला राख घ्यायला गेले, तर हे सळई घेऊन राखेत उकरतायत. दोन्ही नळ्या सापडल्या, चांदीसारख्या निघालेल्या. एक नळी त्यांनी सेक्रेटरींना दाखवायलाही नेली.

गाडीचा मिस्त्री नाना पेठेत बसतो. तो वडिलांच्या वेळचा. जावावाले त्याला मानतात, पण त्याचं ऐकत नाहीत. इग्निशनच्या पॉइंटची फट 0.4 मिलिमीटर ठेवायची असते. जावावाल्यांकडे त्यासाठी पोलादी पात्यांचा गेज आहे, परदेशातून मागवलेला, मखमली पाकिटातला. मिस्त्री लग्नपत्रिकेचा कोपरा फाडून पॉइंटमध्ये घालतो, ओढून बघतो, स्क्रू आवळतो. गाडी पत्रिकेवर पहिल्या किकला सुरू होते आणि गेजवर आठव्या. जावावाल्यांनी शेवटी ती पत्रिका मागून घेतली आणि तिची जाडी मोजली. मिस्त्रीची तक्रार वेगळीच आहे. हल्ली लोक लग्नाचं आमंत्रण मोबाइलवर पाठवतात. पॉइंट कशानं सेट करायचे?

सुट्या भागांसाठी बुधवारी आणि रविवारी जुना बाजार. तिथे त्यांच्याबरोबर जायची वेळ आली तर बोलू नये. त्यांची पद्धत अशी, की हवी ती वस्तू दिसली तरी तिच्याकडे बघायचं नाही. आधी पितळी समईची किंमत विचारायची, मग एखाद्या ग्रामोफोनची, मग जाता जाता पायाने ढकलल्यासारखं करून "आणि हे लोखंड कसं?" विचारायचं. विक्रेता त्यांना समईपासूनच ओळखतो. "साहेब, ते लोखंड नाही, जावाचं मडगार्ड आहे," म्हणतो, आणि समईपेक्षा जास्त किंमत सांगतो. ते मडगार्ड घरी येतं, त्यावर आधी तांबं, मग निकेल, मग क्रोम असे थर चढतात, आणि मग लक्षात येतं की हे येझदीचं आहे.

सरकारने 2021 मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी नियम केले, व्हीए अक्षरांची वेगळी मालिका काढली. त्यात एक अट आहे: अशी गाडी रोजच्या कामाला वापरायची नाही, प्रदर्शन, रॅली, देखभाल आणि पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. आम्हाला वाटलं जावावाले चिडतील. ते भारावून गेले. वहिनी म्हणाल्या, "यांची आधीही वेगळी कुठे जायची? पंपावर आणि मिस्त्रीकडे." खरं तर जुलैच्या दुसऱ्या रविवारीही जाते. त्या दिवशी जगभरचे जावावाले आपापल्या गाड्या घेऊन जमतात. त्यात चालवण्याला फारसं महत्त्व नसतं. गाड्या ओळीने लावतात आणि मालक वाकून वाकून दुसऱ्याच्या गाडीतला कुठला बोल्ट चुकीचा आहे ते शोधतात. बोल्ट सापडला की दोघांनाही आनंद होतो. एकाला दाखवल्याचा, दुसऱ्याला बदलायला काहीतरी मिळाल्याचा.

कारण सगळा ध्यास एकच, गाडी ओरिजिनल हवी. म्हैसूरच्या कारखान्याच्या दारातून बाहेर पडली त्या सकाळी होती तशी. यासाठी जावावाल्यांनी पहिल्याच शनिवारी गाडीवरचं सगळं 'बाहेरचं' उतरवलं. पुढचा लेगगार्ड. टिफिनची पिशवी अडकवायचा आकडा. मागच्या मडगार्डचा रबरी पडदा, त्यावर पांढऱ्या रंगात जावावाल्यांचं स्वतःचं पाळण्यातलं नाव. वायरच्या पट्ट्यांनी विणलेलं सीट कव्हर. आणि डावीकडचं साडीगार्ड, त्याच्या पायदानासकट. सगळं किलोवर भंगारात गेलं. मिस्त्री तेव्हा म्हणाला होता, "अहो, हे तुमच्या वडिलांनी शोरूममधून थेट माझ्याकडे आणून बसवून घेतलं होतं. गाडी घरी नंतर गेली." जावावाल्यांनी ते हसण्यावारी नेलं.

गेल्या दसऱ्याला गाडी उभी राहिली. मरून रंग, टाकीवर हाताने ओढलेली सोनेरी रेघ, क्रोममध्ये समोरची सगळी पार्किंग उलटी दिसतेय. झेंडूचा हार घातला. आईंना व्हीलचेअरवरून खाली आणलं. त्यांनी गाडीभोवती नजर फिरवली आणि विचारलं, "ही कुणाची?"

"आई, आपली. बाबांची."

"आपल्या गाडीला मला पाय ठेवायला होतं की रे. तुला मांडीवर घेऊन मी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत गेलेय. हिच्यावर बाईमाणसानं बसायचं कसं? आणि यांचा डबा कुठे लावायचा?" मग वर जाऊन त्यांनी ट्रंकेतून फोटो काढला. काळापांढरा. वडील गाडीवर, मागे त्या, मांडीवर टोपडं घातलेले जावावाले, आणि गाडीवर लेगगार्ड, आकडा, पडदा, साडीगार्ड, सगळं. मागे शाईने तारीख. गाडी घेतली त्याच महिन्यातली.

जावावाले रात्रभर भिंग घेऊन बसले. कारखान्यातली ती सकाळ त्यांच्याकडे कागदोपत्री होती, पण ती गाडी घरात कुणी पाहिलेलीच नव्हती. बुधवारी ते जुन्या बाजारात गेले. समई विचारली, ग्रामोफोन विचारला. विक्रेता म्हणाला, "साडीगार्ड? साहेब, ते मिळत नाही आता. लोकांनी सगळी भंगारात घातली." तरी एक होतं. किती दिले ते वहिनींना अजून माहीत नाही. ते त्यांनी निकेल करून आणलं, क्लिपा लावल्या, दोन्ही बाजूंनी माप घेतलं आणि आईंना पुन्हा खाली आणून दाखवलं.

आई म्हणाल्या, "बरं केलंस. पण यांनी ते क्लिपांनी नव्हतं लावलं. खालचा आटा गेला होता, म्हणून तारेनं आवळलं होतं. लाल वायरीनं."

जावावाल्यांनी भिंगातून फोटो पाहिला. तार दिसत होती. फोटोत लाल कळत नाही, पण आईंच्या सांगण्यावर त्यांचा विश्वास बसला. क्लिपा काढल्या आहेत, गाडी पुन्हा स्टँडवर आहे, आणि 1971 च्या आसपासची लाल वायर कुणाच्या माळ्यावर पडलेली असेल तर ते विचारत फिरतायत. नवी चालणार नाही.