साडेसहाशे शब्दांचा बहार

फाटक्या पुस्तकाचं, मोडक्या छत्रीचं, आटलेल्या विहिरीचं आत्मवृत्त मराठी मुलं पिढ्यान्‌पिढ्या लिहीत आली आहेत. छत्रीच्या काडीकाडीत शिरून तिचं दुःख पंधरा ओळींत मांडायचं आणि शेवटी आईच्या हाकेने जाग आल्याचं सांगून सुटका करून घ्यायची, हे तंत्र सातवीपर्यंत कुणालाही साधतं. मध्यप्रदेशातल्या पांढुर्णा आणि सौंसरकडच्या मुलांना तर ते दोन भाषांत साधतं. घरी मराठी, शाळेत बहुधा हिंदी, त्यामुळे तिथलं पुस्तक एकदा फाटतं आणि दोनदा रडतं. एकच आत्मवृत्त कुठल्या माध्यमाच्या शाळेने लिहायला सांगितलेलं नाही, ते स्वतःचं. म्हणून बारावीतल्या एखाद्या मुलापुढे परदेशी विद्यापीठाचा अर्ज उघडतो आणि त्यात ‘तुमची पार्श्वभूमी व तुमची वाढ’ असा मजकूर मागणारी पांढरी चौकट येते, तेव्हा ते छत्रीची आठवण काढत बसतं. छत्रीला निदान काड्या होत्या.

या चौकटीचे नियम कडक आहेत. अमेरिकेतली शेकडो कॉलेजं ‘कॉमन ॲप’ नावाचा एकच अर्ज चालवतात. त्यातल्या निबंधाला जास्तीत जास्त साडेसहाशे शब्द. विषय निवडायला मिळतात: ज्या पार्श्वभूमीवाचून तुमचा अर्ज अपुरा राहील ती सांगा, नाहीतर एखादं अपयश आणि त्यातून काय शिकलात ते सांगा, नाहीतर तुमच्या वाढीला चालना देणारा प्रसंग सांगा. विलायतेचा हिशेब अक्षरांवर, मोकळ्या जागा धरून चार हजार. आपल्याकडच्या काही खाजगी विद्यापीठांनीही हा रिवाज उचलला आहे. मध्यप्रदेशातल्या सरकारी कॉलेजचा ऑनलाइन प्रवेश मात्र गुणांवर होतो, ‘नीट’ आणि ‘जेईई’ त्यांच्या त्यांच्या गुणांवर. तिथे तुमची वाढ झाली की खुंटली याची चौकशी कुणी करत नाही. म्हणजे हा पेच मोजक्याच मुलांचा आहे. पण मोजक्यांचा पेच म्हणून सोडून द्यावा, तर ललितलेखकांनी लिहावं कशावर?

पार्श्वभूमी सांगायची सवय आपल्या मुलांना नाही असं मात्र नाही. ती आजवर दुसरेच सांगत आले आहेत, एवढंच. मध्यप्रदेशात जन्मलेल्या पोराची पार्श्वभूमी लोकसेवा केंद्राच्या खिडकीतून शिक्का मारून मिळते. मूल निवासी प्रमाणपत्र, जातीचं प्रमाणपत्र, उत्पन्नाचं प्रमाणपत्र, शिवाय समग्र आयडी. त्या समग्रमध्ये कुटुंबाला आठ आकडे आणि कुटुंबातल्या प्रत्येकाला नऊ, म्हणजे माणूस आपल्या घराण्यापेक्षा बरोबर एका आकड्याने मोठा असतो, असं शासनाचं मत आहे. तत्त्वज्ञानाला अनेक शतकं न सुटलेला प्रश्न एका संगणकाने एका आकड्यात मिटवला! या कागदांत एक सभ्यता असते. वडलांचं उत्पन्न किती ते तहसीलदार विचारतो, पण त्या उत्पन्नातून तुम्हाला काय बोध झाला हे विचारत नाही. चौकट नेमकं तेच विचारते.

बोध हवा म्हटलं की आधी संकट लागतं, आणि संकटातून बहार काढायचं शास्त्र पांढुर्ण्याच्या माणसाला कुणी शिकवायला नको. तो संत्र्याचा बगीचेवाला आहे. आंबिया बहार घ्यायचा तर पावसाळ्यानंतर झाडाचं ओलीत बंद करतात, याला ताण देणं म्हणतात. हलक्या जमिनीत महिना-सव्वा महिना, भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, काही गळतात. झाड आता जातं की राहतं असं वाटायला लागलं की आळ्यात खत घालून हलकं पाणी सोडतात, आणि जानेवारी-फेब्रुवारीत अख्खा बगीचा पांढऱ्या फुलांनी दरवळतो. प्रवेशाच्या निबंधाची बांधणी हुबेहूब हीच: पहिल्या दोन परिच्छेदांत ताण, तिसऱ्यात पाणी, चौथ्यात फुलोरा. योगायोग असा की अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांची मुदत जानेवारीच्या आरंभी संपते. म्हणजे डिसेंबरात बगीच्यालाही ताण आणि पोरालाही. फरक एवढाच की झाडाचा ताण खरा असतो. सतराव्या वर्षी ज्या मुलाला खराखुरा ताण मिळालेला नाही, ज्याचे आईबाप धडधाकट आहेत आणि ज्याला दोन वेळा वरण-भात मिळतो, त्याची या चौकटीपुढे पंचाईत होते. मग तो ताण तयार करतो. दहावीत गणितात पाच गुण कमी पडल्याची काळरात्र होते, आजोबांच्या गुडघेदुखीतून करुणेचा झरा फुटतो. आणि ज्याला ताण जरा जास्तच झाला आहे, ज्याच्या घरात वाळक्या फांद्यांची सल उभी आहे, त्याला ते चारचौघांत सांगण्याची लाज वाटते. तो विज्ञानमंडळाच्या सहलीवर लिहितो.

तरीही खोटेपणावर माझा मुख्य आक्षेप नाही. अतिशयोक्ती हा तरुणांचा हक्क आहे, आणि विवाह जुळवताना आपण तो प्रौढांनाही देतो. माझं भांडण या निबंधाच्या क्रियापदांशी आहे. वाढीची गोष्ट सांगायची म्हणजे पार्श्वभूमी भूतकाळात ढकलावी लागते. ‘मी अशा एका गावात वाढलो, जिथे…’ असं वाक्य मुलगा लिहितो, तेव्हा तो त्याच गावात, त्याच घरात, आईने वाढलेल्या ताटासमोर बसलेला असतो. अजून वाढतोच आहे. भाजी गार होते आहे आणि हा तिला संस्मरणीय करतो आहे. संत्र्याच्या झाडाला हे जमणार नाही. आपण ज्याला संत्र्याचं झाड म्हणतो ते खालून संत्र्याचं नसतंच. बहुधा ते जंबेरीचं, म्हणजे जाड सालीच्या, आंबट लिंबाचं असतं. जंबेरीच्या रोपावर जमिनीपासून वीतभर उंचीवर संत्र्याचा डोळा बांधतात, आणि त्याच्या खालून फूट आली की खुडून टाकतात. झाड वीस वर्षांचं झालं तरी जोडाची ती जागा बोटाला लागते: खाली एक साल, वर दुसरी. खुंट ही संत्र्याची पार्श्वभूमी. पण ‘जंबेरीवर मात करून मी गोड झालो’ असं कुठलं संत्रं म्हणेल? खुंट मागे पडलेला नसतो. तो या क्षणी खालून पाणी ओढत असतो. त्याच्यावर मात झाली तर त्या झाडाचं सरपण होतं.

‘मात केली’ हे क्रियापद मिळवण्यासाठी मग गावाला विकावं लागतं, आणि पांढुर्ण्याजवळ विकायला जगप्रसिद्ध माल आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर निशाण, एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि दिवसभर गोटमार. माणसं जखमी होतात, कधी जीवही गेले आहेत. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, ते लोकांना मानवले नाहीत. दोन्ही काठांवर एकमेकांचे सोयरे राहतात, त्यामुळे दगड अनोळखी माणसाला लागण्याचा धोका फारसा नसतो. आता या मालाचा निबंध डोळ्यांपुढे आणा. पहिल्या वाक्यात कानाजवळून सणसणत गेलेला गोटा. दुसऱ्या परिच्छेदात हिंसेविषयी चिंतन. शेवटी मुलाने शाळेत काढलेलं शांतता मंडळ, ज्याचे सभासद तो आणि त्याचा मावसभाऊ. तिकडे प्रवेश अधिकारी कासावीस होऊन शिफारस करतो. पण त्याच पोराला विचारा की गोटमार वाईट का, तर ते म्हणेल वाईटच. आणि बंद करायची का, तर गप्प राहील. त्या गप्प राहण्यात पांढुर्णा जेवढं आहे तेवढं साडेसहाशे शब्दांत येणार नाही, आणि चौकटीत गप्प राहायची सोय नाही. (अर्जात नेतृत्वगुणाचा रकाना वेगळा. सौंसरजवळ जामसावळीचा मारुती पिंपळाखाली आडवा पहुडलेला आहे आणि त्याच्या पायाशी हजारोंची रांग लागते. या रकान्यात देवाने काय भरलं असतं, ते मला फार दिवस वाचायचं आहे.)

यावर शहाणी माणसं म्हणतील, गुण म्हणजे मूल नव्हे. कोचिंगवाल्या शहरातल्या पोराचे पंच्याण्णव आणि कपाशीच्या वावरातून येणाऱ्या पोरीचे पंच्याऐंशी यांतला फरक कुणीतरी ऐकायला नको का? नको कसा, हवाच. या आक्षेपापुढे मी हात जोडतो. पण ऐकणाऱ्याचा कान कुठून आला तेही पाहावं. गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांना वाटू लागलं की परीक्षेच्या जोरावर ज्यू मुलं फार येऊ लागली आहेत. तेव्हा अर्जांत धर्म, वडलांचं जन्मस्थान, स्वभाव, वळण यांची विचारपूस सुरू झाली. हार्वर्डने 1922 मध्ये, जन्मापासून तुमच्या किंवा वडलांच्या नावात काही बदल झाला आहे काय, असल्यास सविस्तर सांगा, असंच विचारलं होतं. चौकशी चाळणीसाठी होती. पुढे तिचा उपयोग उलट दिशेने, दार उघडायलाही झाला, हे खरं आहे. 2023 च्या जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वंश पाहून प्रवेश देणं बंद केलं, तेव्हाही वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदाराने निबंधात लिहिण्याला मनाई केली नाही. तेव्हापासून त्या चौकटीवरचा भार आणखी वाढला. पण वावरातल्या त्या पोरीने चांगलं लिहिलं, तरी ते लिहिणं घासून-पुसून देणारं माणूस तिच्या गावात कुठे आहे? ते शहरातच असतं, फी घेऊन, त्या पंच्याण्णववाल्याच्या घराजवळ. दुसरा आक्षेप असा की आता यंत्रंच लिहून देतात, मग चिंता कसली. बरोबर आहे. फक्त ती यंत्रंही पहिल्या दोन परिच्छेदांत ताणच देतात.

हार्वर्डचा तो जुना प्रश्न पांढुर्ण्याला मात्र आज फार शोभला असता. जन्मापासून काही बदललं आहे काय? सविस्तर सांगा. आजोबांच्या लहानपणी राजधानी नागपूर. 1 नोव्हेंबर 1956 ला नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि या मराठी तालुक्यांची राजधानी सातपुड्यापलीकडे भोपाळला गेली. बापाचा जिल्हा छिंदवाडा. 2023 च्या ऑक्टोबरात पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा पांढुर्णा जिल्हा झाला. तीन पिढ्या अंगणातून हलल्या नाहीत, नकाशाच खालून सरकत राहिला. आता बारावीत असलेल्या मुलाच्या जन्मदाखल्यावर जिल्हा छिंदवाडा आहे आणि नव्या मूल निवासी प्रमाणपत्रावर पांढुर्णा. कधीतरी एखाद्या कॉलेजचा बाबू दोन्ही कागद शेजारी ठेवून चष्मा वर करणार, आणि पोराला शपथपत्र आणायला सांगणार. मग पोरगा तहसीलबाहेरच्या टपरीवर जाईल, टंकलेखकाजवळ स्टुलावर बसेल आणि स्टँप पेपरवर हिंदीत एक वाक्य उमटेल, की मी शपथेवर कथन करतो, वरील दोन्ही पत्ते एकाच घराचे असून मी आजही तिथेच राहतो. खाली सही, बाजूला नोटरीचा गोल शिक्का.