शेजारच्या खुर्चीतले गवई

विलंबित एकताल. मात्रा बारा, पण एक आवर्तन पुरं व्हायला मिनिटभर लागावं अशी लय. गायिका षड्जावरून निघून सावकाश गंधाराकडे सरकते आहे. तुमच्या डाव्या हाताला बसलेले काका मात्र तिच्याआधीच तिथे पोहोचलेले असतात.

गुणगुणत. तेही बेसूर.

राग ओळखता आला, चांगली गोष्ट आहे. पण तो शेजाऱ्याला म्हणून कशाला दाखवायचा? तिकीट कोणाचं गाणं ऐकायला काढलं होतं?

भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मृतीसाठी १९५३ साली पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. तिथे भारतीय बैठकीवर रात्र रात्र जागून ऐकणारे लोक काही दगडासारखे बसत नव्हते. समेला मान हलायची, एखादी जागा आली की ‘वाह’ निघायची. दाद देणं म्हणजे मैफलीत सामील होणंच. दाद द्यायला सम कुठे आहे ते कळावं लागतं.

गुणगुणायला काहीच कळावं लागत नाही.

कोणी हटकलं की संगीत नाटकांचा दाखला तयार असतो. बालगंधर्वांच्या पदांना वन्स मोअरवर वन्स मोअर पडत, प्रेक्षक बेभान होत. अगदी खरं. पण वन्स मोअर म्हणजे ‘पुन्हा गा’. ‘सरका, आता आम्ही गातो’ असा त्याचा अर्थ कधीपासून झाला?

मग श्रोत्यांनी गायचंच नाही का? जरूर गावं. वारीत एखाद्या दिंडीबरोबर चालून पाहा. एक जण अभंगाचं चरण म्हणतो, टाळकरी ध्रुपद धरतात. गळे कितीही असोत, चरणात कुणी तोंड घालत नाही. मृदंग चढला की टाळ चढतात, मृदंग थांबला की टाळ जागच्या जागी थांबतात. यातल्या कितीतरी जणांनी गाण्याचा क्लास पाहिलेलाही नाही. आपली पाळी कधी, हे मात्र प्रत्येकाला ठाऊक असतं. शाहिराचा झीलकरीसुद्धा ओळ संपेपर्यंत दम धरतो.

सभागृहातल्या पदवीधराला एवढंही जमू नये?

जानेवारी २०२५मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले आलं, तेव्हा अख्खं मैदान गात होतं. गायलाच हवं होतं. त्या गाण्यांच्या चालीच हजारो गळ्यांना पेलतील अशा बांधलेल्या असतात. तिथे जो हाताची घडी घालून बसला, तो चुकला.

पण तीच सवय मारव्याच्या मैफलीत?

आता टाळ्या. द्रुत तीनताल सुरू झाला की सगळ्या सभागृहाला ठेका धरायची हुक्की येते. जरा हिशेब करू. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मंचापासून ३४ मीटरवर बसलेल्याला तबला एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो. त्याची टाळी मंचावर पोहोचायला आणखी एक दशांश. मिनिटाला २४० मात्रांची लय असेल, तर एक मात्रा पाव सेकंदाची. म्हणजे मागून आलेली टाळी जवळजवळ अख्खी मात्रा मागे. शेकडो हात अशी मागे पडलेली लय तबलजीच्या कानावर आदळत राहतात आणि त्याने त्यातून सम गाठायची.

हा उत्साह नाही, अडथळा आहे.

दोष एकट्या श्रोत्यांचा मुळीच नाही. दिवाळी पहाटेला लोक उटणं लावून, नवे कपडे घालून ऐकायला आलेले असतात, आणि निवेदक दर दोन मिनिटांनी दरडावतो, ‘आवाज येत नाही, जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!’ का झाल्या पाहिजेत? गाणं आवडलं तर त्या होतील. काही गायकांनी तर मुखडा अर्धवट सोडून माइक लोकांपुढे धरण्याचा परिपाठच पाडलाय. अभंगात ठीक, गजर सगळ्यांचाच असतो. भावगीतात कशाला? दोन कडव्यांचं गाणं, त्यातलं एक आम्हीच म्हणायचं?

मानधनात मग आमचा वाटा किती?

मोबाइल वर धरून गाणं ‘टिपणारे’ वेगळेच. त्यांच्या मागे बसलेल्याला गायक दिसतो तो सहा इंचांचा.

किशोरीताई आमोणकर मैफलीत कुजबुजसुद्धा खपवून घेत नसत. लोकांनी त्यांना तापट ठरवलं. स्वर लागत असताना समोरच्या रांगेत फ्लॅटचे भाव निघाले, तर गाणाऱ्याने तापायचं नाही? त्यांचा तो धाक मला हवासा वाटायचा. कारण त्या धाकाखाली मागच्या रांगेतल्या माणसालाही नीट ऐकू येत असे.

आणि शेवटी भैरवी. निवेदकाच्या तोंडून नुसता शब्द निघायचा अवकाश, खुर्च्या करकरतात, किल्ल्या खुळखुळतात, पार्किंगकडे रांग लागते. उठणाऱ्यांत आपले डाव्या हाताचे काका सगळ्यात पुढे.

तीन तास गाण्यावाचून राहवत नव्हतं ना? मग ऐकायच्या वेळी निघालात कुठे?