पाणीही लिव्हरपूलकडे, चित्रही तिकडेच

बँगर, वेल्स

ती. आई व आप्पांस,


पावसाचं विचारू नका. ताम्हिणीतला पाऊस निदान दसऱ्याच्या आसपास निरोप तरी घेतो, इथला घरजावयासारखा बसून राहतो. त्यामुळे रविवारी मुलांना न्यायचं कुठं, हा प्रश्नच असतो. त्यावर ह्यांनी शोधलेला उपाय म्हणजे जवळच्या मोन बेटावरच्या लानगेव्नीचं ‘ओरिएल अनिस मोन’ हे संग्रहालय. (आपल्या अंनिसशी संबंध नाही.) वर छप्पर, आत चहा, आणि तिकीट नाही. ह्यांची कलेची आवड तेवढ्यावर भागते.

तिथं सर कफिन विल्यम्स यांच्या चित्रांसाठी 2008 साली वेगळं दालन केलंय. माणूस याच बेटावरचा, जन्म 1918चा. फौजेत होते, पण फेफरं यायचं. डॉक्टरनं सांगितलं, तू काही नॉर्मल नाहीस, तेव्हा चित्रकला का करत नाहीस? आपल्याकडे अशा वेळी लग्न लावून देतात!

हे गृहस्थ ब्रश बाजूला ठेवून सुरीनं रंग थापायचे. डोंगर, दगडी बांध, मेंढ्यांमागचा कुत्रा, वाऱ्यात वाकलेला शेतकरी. सगळं काळं, करडं, शेवाळी. ह्यांनी अगदी नाक लावून पाहिलं आणि “गिलावा जाड झालाय” असा शेरा मारला. राखण करणाऱ्या बाईंनी हातानंच मागं सरायची खूण केली. थोरला मात्र ओरडला, “हे तर आप्पाआजोबांचं शेत!” पोरगं चुकलं नाही. श्रावणात पौडच्या पुढं असंच दिसतं, फक्त त्या शेतकऱ्याच्या डोक्यावर युरियाच्या गोणीची खोळ नव्हती.

आमच्या शेजारच्या आजीबाई अस्सल वेल्श. इंग्रजी येतं, पण उपकार केल्यासारखं बोलतात. त्यांच्या आयस्तेदवोद नावाच्या संमेलनात छंदोबद्ध कवितेला बक्षीस म्हणून चक्क लाकडी खुर्ची देतात. आप्पा, आपल्याकडे संमेलनात खुर्चीसाठी काय काय होतं ते तुम्ही पेपरात वाचताच. इथं ती कवीला घरी न्यायला मिळते.

आजीबाईंच्या बैठकीत ‘सेलम’ नावाच्या चित्राची जुनी छापील प्रत आहे. वॉस्परनं 1908 साली काढलेलं. प्रार्थनाघरात आलेली म्हातारी, डोक्यावर उंच काळी टोपी, अंगावर भारी शाल. त्या शालीच्या घड्यांत सैतानाचं तोंड दिसतं म्हणतात. धाकटीला लगेच दिसलं, ह्यांना अजून दिसायचंय. सनलाइट साबणवाल्या लिव्हरनं ते विकत घेतलं आणि साबणाच्या गिऱ्हाइकांना त्याच्या प्रती दिल्या, म्हणून ते घरोघरी पोचलं. आपल्याकडे मळवलीच्या छापखान्यातल्या रविवर्म्याच्या लक्ष्म्या पोचल्या तसंच. मूळ चित्र मात्र लिव्हरच्या गॅलरीत, लिव्हरपूलच्या समोरच्या काठावर. “पाणीही तिकडे नेलं, चित्रही तिकडेच!” आजीबाई फणकारल्या.

पाण्याचं प्रकरण ऐकून मी चहाचा कप खाली ठेवला. कापेल केलिन नावाचं गाव. लिव्हरपूलला पाणी हवं म्हणून 1957 साली लंडनच्या पार्लमेंटनं कायदा केला. त्याच्या बाजूनं एकाही वेल्श खासदारानं मत दिलं नाही, तरी 1965 साली शाळा, पोस्ट, प्रार्थनाघर सगळं धरणाखाली गेलं. लिव्हरपूलनं 2005 साली माफी मागितली. मी म्हटलं, आजी, बसा. आमच्या मुळशीत 1921च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला, बापटांचे सेनापती बापट झाले, तरी धरण झालंच आणि वीज मुंबईला गेली. माफीचं म्हणाल, तर आम्ही अजून वाट बघतोय. त्या दिवशी आजीबाईंनी प्रथमच मला दुसरा केक आग्रहानं वाढला.

फरक एवढाच की, जेफ चार्ल्स नावाच्या फोटोग्राफरनं त्यांचं गाव जाण्याआधी तिथली माणसं, मोर्चे टिपून ठेवले. ते फोटो अबेरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपलेत. माझ्या शाळेच्या भिंतीवर गांधी-नेहरू होते, पण खाली बुडालेल्या गावाचं एक चित्र नव्हतं.

म्हणून आप्पा, काम सांगते. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत पणजोबांच्या वाड्याचा फोटो आणि जमिनीच्या नोटिशीचे कागद आहेत. दिवाळीच्या साफसफाईत आई ती ट्रंक भंगारवाल्याला देईल. आई, देऊ नकोस. दादाला सगळ्याचे मोबाइलवर नीट फोटो काढायला सांगा, आणि फोटोत कोण कोण आहे ते आत्याला विचारून आजच मागं लिहून ठेवा.

तुमची,
ताई