‘फट्टू’ म्हणाले तरी चालेल

खारघरच्या पांडवकडा धबधब्यावर पावसाळ्यात जायला बंदी असते. फलक लागतात, पोलीस उभे राहतात, तरी मुलं आडवाटेनं ओढ्यापर्यंत पोहोचतातच. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथं चार महाविद्यालयीन तरुणी वाहून गेल्या. वर डोंगरावर पाऊस कोसळला की खाली घोट्याएवढं असलेलं पाणी बघता बघता कंबरेला लागतं. फलक ज्याचा त्यानं वाचायचा असतो. पाण्यात उतरायचं मात्र घोळक्यात ठरतं.

२००५ साली मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या अमेरिकी संशोधकांनी मुलांना संगणकावर गाडी चालवायला दिली. मित्र बघत असताना तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांनी एकट्यानं खेळताना घेतला त्याच्या जवळपास दुप्पट धोका पत्करला. मोठ्या माणसांत असा फरक दिसला नाही.

‘बघा, संगतच वाईट!’ असं म्हणून आईबाप मोकळे होतात. मला हे मान्य नाही. १९५० च्या दशकात सॉलोमन ॲश यांच्या प्रयोगांत सगळा गट ठरवून चुकीचं उत्तर देई आणि हे ठाऊक नसलेला एकटा बिचारा अनेकदा त्यांच्यामागे जाई. गटातला फक्त एक जण बरोबर बोलला, तर हे मागे जाणं एकदम घटे. अख्खी टोळी शहाणी असावी लागत नाही, एक पुरतो.

म्हणून पोरांनो, ओढ्याकाठी पहिला ‘नको’ तुम्ही म्हणा. ‘मी उतरत नाही, तूही उतरू नको, चल वडापाव खाऊ.’ फट्टू म्हणतील, म्हणू देत. तुमच्यामागे आणखी कुणीतरी तेच म्हणायला टपलेला असतो. कुणी वाहू लागलाच तर मागे उडी टाकू नका; काठावरून ओढणी, दोर, फांदी टाका आणि ११२ ला फोन लावा. पाम बीच रोडवर ट्रिपल सीट निघालेल्या मित्राची चावी काढून घ्या. व्हेप लपवणाऱ्या मैत्रिणीला एकटं सोडू नका. तिचं बिनसलंय असं वाटलं तर विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगा. याला चुगली म्हणत नाहीत.

आणि आईबापांनो, रात्री एक वाजता मुलाचा फोन आला तर आधी ‘कुठे आहेस? तिथेच थांब, निघालोच’ एवढंच म्हणा. मित्राची चावी काढून घेतली म्हणून तो रस्त्यात अडकलेला असू शकतो.