मंग पुढे काय झालं जी?

वर्धा शहर कुठे संपतं आणि पिपरी मेघे कुठे सुरू होतं, हे घरपट्टीची पावती पाहिल्याशिवाय कळत नाही. ले-आऊटला ले-आऊट चिकटलेला, आणि प्रत्येक ले-आऊटमध्ये सोयरिकी जुळवणारे एक काकाजी ठरलेले. आमचे काकाजी जिल्हा परिषदेतून लिपिक म्हणून निवृत्त झाले. जिल्हा परिषदेनं त्यांना पेन्शन दिलं आणि एक खोडही दिली. कोणतंही प्रकरण शेरा मारल्याशिवाय हातावेगळं करायचं नाही.

सिनेमा संपला की लोक चपला शोधतात. काकाजी विचारतात, "मंग पुढे काय झालं जी?" हे त्यांनी इतक्या जणांना इतक्या वेळा विचारलंय की ले-आऊटमधल्या पोट्ट्यांनी त्यांचं नावच मंगपुढे काकाजी ठेवलं. पूर्वी एक नवे पोस्टमन ते खरंच आडनाव समजत होते.

सोयरीक जुळवणाऱ्याची नजर तुमच्या-आमच्यासारखी नसते. आपल्याला नायक-नायिका एकमेकांच्या मिठीत दिसले की गोष्ट संपते. काकाजींच्या हिशेबात ती फक्त बैठक झालेली असते. अजून साक्षगंध व्हायचंय, लग्न व्हायचंय, पहिली दिवाळी, पहिला रुसवा, घराचं कर्ज, पोराचं बारसं. आपण जुळवलेलं लग्न टिकलं की नाही, याची चौकशी ते दर वर्षी करतात. मग पडद्यावर डोळ्यांदेखत जुळलेल्या लग्नाची का करू नये? "तीन तास बसून सोयरीक पाह्यली ना आपण? मंग जबाबदारी कोणाची?"

त्यासाठी त्यांची एक वही आहे. लाल कापडी पाठीची, सरकारी थाटाची, रकाने पट्टीनं आखलेले. पुढच्या पानांवर वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव इथले खरे उपवर-उपवधू. वही उलटी केली की मागून सिनेमातली जोडपी. रकाने दोन्हीकडे जवळजवळ सारखेच: मुलगा, मुलगी, शिक्षण, धंदा, शेती, शेरा. 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'ची नोंद मी स्वतः वाचली आहे. मुलगा: राज. शिक्षण: लंडनमध्ये नापास. धंदा: वडिलांचा. शेती: मुलीकडे पंजाबात, मोहरी, ओलित. शेरा: 'गाडीत चढले. उतरल्याचे कळले नाही. प्रलंबित.' 1995 सालचं प्रकरण, अजून प्रलंबित. 'एक दुजे के लिए'समोर मात्र 1981 सालाखाली तीनच शब्द आहेत: 'उभयता मयत. नस्तीबंद.'

माझा या असल्या पुढच्या भागांना पहिल्यापासून विरोध. जिथे दिग्दर्शकानं थांबायचं ठरवलं तिथे आपण थांबावं. चांगल्या प्रेमकथेची मालिका करणं म्हणजे लोकांच्या आठवणी किलोनं विकणं, असं मी त्यांना एकदा ठणकावून सांगितलं. काकाजींनी गोरसपाक चहात बुडवला. वर्ध्याचा गोरसपाक हे तसं कडक प्रकरण, मऊ पडायला वेळ घेतो. तेवढ्या वेळात त्यांनी मला विचारलं, "रामराज्याभिषेक झाला तेव्हा तू टीव्ही बंद केला होता काय?"

नव्हता केला. कुणीच नव्हता केला. राज्याभिषेकानंतर गोष्ट पुरी झाली असं रामानंद सागरांनी धरलं होतं. लोकांनी धरलं नाही, आणि 1988-89 मध्ये दूरदर्शनला 'उत्तर रामायण' दाखवावं लागलं. भारतात टीव्हीवरच्या पुढच्या भागाची मागणी करणारा प्रेक्षक हा असा रामायणाच्या काळापासूनचा. काकाजी त्याच घराण्यातले.

'उत्तर रामायण'मधला कुश झाला होता स्वप्नील जोशी. काकाजींनी त्याला तेव्हापासून नजरेखाली ठेवलेलं. पुढे नव्वदच्या दशकात तोच सागरांच्या 'श्रीकृष्ण'मध्ये कृष्ण झाला. पोरगा चांगल्या घरचा आहे, एवढी खात्री पटली. मग जून 2010 मध्ये सतीश राजवाडेंचा 'मुंबई-पुणे-मुंबई' आला. मुलगी मुंबईची, मुक्ता बर्वे. पुण्याच्या स्थळाला नकार द्यायला येते, पत्ता विचारायला म्हणून एक पुणेकर गाठते, दिवसभर त्याच्याशी भांडते, आणि शेवटी कळतं की स्थळ म्हणजे तोच. सगळा महाराष्ट्र गालात हसला. काकाजी अस्वस्थ झाले. कारण अख्ख्या सिनेमात त्या दोघांची नावंच नाहीत. तुम्हा-आम्हाला हे लक्षातही आलं नसेल. पण ज्याच्या वहीतला पहिला रकाना नावाचा आहे, त्यानं काय लिहावं? त्यांनी पेन्सिलनं लिहिलं, 'मुलगा पुणे, मुलगी मुंबई.' पेन्सिलनं, कारण माहिती अपुरी.

माहिती आली जानेवारी 2012 मध्ये. झी मराठीवर 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' सुरू झाली. तोच मुलगा, तीच मुलगी, दिग्दर्शकही तेच राजवाडे. आणि यावेळी नावं होती: घनश्याम काळे, राधा देसाई. काकाजींनी पेन्सिल खोडली नि शाईनं लिहिलं. मी सांगून पाहिलं, काकाजी, ही वेगळी गोष्ट आहे, वेगळी माणसं आहेत. त्याला अमेरिकेला जायचंय, तिला लग्नच नको, दोघं घरच्यांसाठी करारानं लग्न करतात. पुण्याचा त्यात काही संबंध नाही.

"चेहरा तोच ना?"

"हो, पण..."

"मंग माणूस तोच. अन् घनश्याम म्हणजे कृष्णच ना बाबू? तो राधेले भेटला. तुले काय अडचण आहे?"

अडचण मला होती आणि ती वाढत गेली. कारण काकाजींचं ऐकून मी नीट पाहायला लागलो, तर घरोघरी हेच चाललेलं. घना-राधेची भांडणं पाहताना लोकांच्या डोक्यात 2010 मधलं पुणं होतंच. ही दोघं शेवटी एकमेकांची होणार, याबद्दल कुणाला शंका नव्हती, कारण एकदा झालेली होती. झी मराठीनं ज्याला कधी पुढचा भाग म्हटलं नाही, तो प्रेक्षकांनी आपला आपण करून घेतला. मालिका ऑगस्टात संपली. संपणं म्हणजे काय, हे मालिका विसरल्या होत्या त्या काळात आठ महिन्यांत संपली. काकाजींनी शेरा लिहिला: 'संसार सुरळीत.' त्या दिवशी काकूंनी पुरण घातलं होतं, ते मालिकेसाठी नव्हे. पण काकाजींनी तसं समजून दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

पुढच्याच वर्षी आली 'एका लग्नाची तिसरी गोष्ट'. नाव पुढचं, पण चेहरे उमेश कामत आणि स्पृहा जोशी यांचे. दोघंही गुणी. काकाजींनी पहिल्या दिवशी दहा मिनिटं पाहिलं आणि रिमोट काकूंना दिला. "पत्रिका एकाची अन् मांडवात दुसराच!" याउलट रंगमंचावर प्रशांत दामले आणि कविता लाड यांनी 'एका लग्नाची गोष्ट'नंतर कितीतरी वर्षांनी, 2018 मध्ये, 'एका लग्नाची पुढची गोष्ट' केली, तिला त्यांची पूर्ण मान्यता. तेच दोघं, थोडे जून झालेले. "असं असते लग्न," म्हणाले.

हाच नियम त्यांनी परदेशालाही लावला. मी एकदा त्यांना गप्प करायला 'गॉन विथ द विंड' काढला. 1939 चा सिनेमा. शेवटी ऱ्हेट बायकोला सोडून दाराबाहेर जातो आणि जग पन्नास वर्षं विचारत बसतं, पुढे काय झालं. मूळ लेखिका 1949 मध्येच वारली. तरी 1991 मध्ये दुसऱ्या बाईंनी पुढची कादंबरी लिहिली आणि 1994 मध्ये अमेरिकन टीव्हीवर 'स्कार्लेट' नावाची मालिका झाली. त्यात दोघं आयर्लंडात जाऊन पुन्हा एक होतात. काकाजींनी समाधानानं मान हलवली. "जमलं ना शेवटी! तिचा हा कितवा नवरा?" तिसरा, म्हटलं. "तसं बायोडाट्यात लिहिलं होतं काय?" मग मी सांगितलं की क्लार्क गेबलच्या जागी टिमथी डाल्टन होता आणि व्हिव्हियन ली कुठे नव्हतीच. काकाजींचा चेहरा पडला. "मंग ते दुसरेच कोणीतरी एकत्र आले बाबू. आपले नाही आले." 'कॅसाब्लांका'च्या तर दोन मालिका झाल्या, 1955 आणि 1983 मध्ये, दोन्ही बिनहम्फ्री बोगार्टच्या, दोन्ही लवकर गुंडाळल्या. हे त्यांनी काही न विचारता मान्य केलं.

नियम पक्का असला की तो मालकालाच चावतो. 2015 साल काकाजींना फार जड गेलं. फेब्रुवारीत 'मितवा' आला, त्यात आपला घनश्याम सोनाली कुलकर्णीबरोबर. ऑगस्टात 'डबल सीट', त्यात आपली राधा अंकुश चौधरीची बायको, वर मुंबईत घर घ्यायच्या खटपटीत. चेहरा तोच तर माणूस तोच. काकाजी आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत. नोव्हेंबरात 'मुंबई-पुणे-मुंबई 2' आला आणि दोघांचं एकदाचं लग्न लागलं, पण तिथे त्यांची नावं निघाली गौतम प्रधान आणि गौरी देशपांडे! शाईनं लिहिलेलं खोडता येईना. शेवटी लिपिकाची बुद्धी कामाला आली. शेरा: 'नावात बदल. राजपत्र पाहावे.' 2018 मध्ये तिसऱ्या भागात बाळाची चाहूल लागली, तेव्हा ते प्रकरण त्यांनी सन्मानानं दप्तरी दाखल केलं.

काकूंना या सगळ्याचं काहीच वाटत नाही. "सिनेमातल्या सुनांची चौकशी करून राह्यले," त्या म्हणतात, "घरी गॅस संपला ते माहीत नाही." काकाजींच्या लग्नाचा पुढचा भाग काकू एकट्याच चालवताहेत, हे ले-आऊटमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे.

मात्र एका पानावर काकाजी थट्टा खपवून घेत नाहीत. ते पान 'सैराट'चं. एप्रिल 2016 मध्ये आलेला नागराज मंजुळेंचा हा सिनेमा त्यांनी एकदाच पाहिला. आर्ची आणि परश्यासमोर त्यांनी 'नस्तीबंद' लिहिलं नाही. कारण मूल उरलंय. शिक्षण, धंदा, शेती सगळे रकाने रिकामे, शेऱ्यात फक्त: 'हैदराबाद. मूल कोणाकडे?' पुढे हिंदीत 'धडक' झाला, 2019 मध्ये हिंदी टीव्हीवर त्याच कथेवरून 'जात ना पूछो प्रेम की' ही मालिकाही झाली. काकाजींनी आशेनं लावली. तीही पुन्हा पहिल्यापासूनच सुरू झाली, परश्या पुन्हा प्रेमात पडला. "मागचं मले माहीत आहे," ते म्हणाले. "पोराचं सांगा ना."

वहीच्या पुढच्या पानांवर, खऱ्या स्थळांच्या यादीत, जातीचा रकाना नावाच्या लगोलग येतो आणि तो काकाजींनी कधी वगळलेला नाही. तो नसता तर वहीच चालली नसती, असं ते म्हणतात, आणि वर्ध्यात ते खोटं नाही. मागच्या पानांवर तो रकाना नाही. मी कारण विचारलं, तेव्हा त्यांनी कागदाचं कारण सांगितलं. जागा पुरत नाही म्हणे.

त्या पोराचं त्यांनी सगळं ठरवून ठेवलंय. परश्याचं आडनाव काळे. घनश्यामचंही काळे. मुंबईतलं ते एकत्र कुटुंब, एवढी माणसं, एक पोर सहज वाढेल. मी म्हटलं, काकाजी, हे काळे वेगळे, ते वेगळे, सगळी गोष्ट त्या वेगळेपणावरच तर आहे. "मी काळेच्या पुढे काही विचारलं नाही," ते म्हणाले. "तू कायले विचारून राह्यला? अन् काळे नाही म्हणत असतील तर हैदराबादेतून सेवाग्रामले थेट गाडी आहे. मी स्टेशनवर जातो ना घ्यायले."

पुढच्या भागांना माझा विरोध अजून आहे. 'स्कार्लेट' करायला नको होती, हे माझं मत बदललेलं नाही. पण या एका प्रकरणात मी काकाजींच्या बाजूनं आहे. तेव्हा कुणा वाहिनीवाल्याच्या वाचनात हे आलंच, तर त्यांनी पिपरी मेघेला येऊन जावं. पोरगा आता सहावी-सातवीत असेल. कथा तयार आहे, घर तयार आहे, मानधन नको. काकाजींची अट एकच: पोरगा तोच पाहिजे.