तक्रारवही

सोसायटीचं सेक्रेटरीपद माझ्याकडे लोकशाही मार्गाने आलं, म्हणजे वार्षिक सभेला मी गेलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी चेअरमनसाहेबांनी किल्ल्यांचा जुडगा, पंपाची वॉरंटी संपलेली कागदपत्रं आणि एक जाडजूड तक्रारवही माझ्या हवाली केली. वहीत तीन रकाने : दिनांक, तक्रार, केलेली कारवाई. तिसरा रकाना पहिल्या पानापासून कोरा.

एका रविवारी ती वही चाळायला बसलो आणि चाट पडलो. आमच्या चोवीस बिऱ्हाडांत हौसेने झाडाकडे मान वर करून बघणारं कुणी नाही, पण ऋतूंची इतकी चोख नोंद पंचांगातही सापडायची नाही. दुर्गाबाई भागवतांनी ‘ऋतुचक्र’ प्रेमाने लिहिलं. आमच्या लोकांनी तेच काम रागाने केलंय, तारीखवार.

चैत्र लागला की ३०४ : ‘पहाटे चारपासून कोकिळा ओरडते. झोपमोड होते. तिला आवर घालावा.’ मी जिन्यात त्यांना गाठून नम्रपणे सांगितलं, की काका, तो ‘ती’ नसून ‘तो’ आहे. कुहूकुहू करणारा काळाकुळकुळीत नर. मादी ठिपक्याठिपक्यांची आणि गाण्याच्या भानगडीत न पडणारी. काका म्हणाले, “मग नोटीस त्याच्या नावाने काढा.”

१०२ यांची पांढरी गाडी हे तर चालतं-फिरतं ऋतुमान. टपावर पिवळ्या पाकळ्या : बहावा फुलला. बहावा फुलल्यापासून दीड महिन्यात पाऊस येतो असं जुनी माणसं म्हणतात. गाडीवर जांभळे डाग पडले की त्या दीड महिन्यातला फार थोडा उरला असं आम्ही म्हणतो. मग पावशा ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ असा घोशा लावतो. त्यावर कुणीतरी सही न करता लिहिलंय, ‘वन बीएचकेत काय पेरणार?’ आषाढात २०१ : ‘गोगलगाय जिन्याने दुसऱ्या मजल्यापर्यंत आली. लिफ्ट अजून बंदच आहे.’ दोन तक्रारी एका ओळीत. गोगलगाय पोहोचली तरी लिफ्टवाला पोहोचला नव्हता.

खरा कल्लोळ ऑक्टोबरात. आमच्या फाटकाशी सातवण आहे. एका पेरावर सात-सात पानांचं चक्र, म्हणून सप्तपर्णी. पूर्वी पोरांच्या पाट्या याच्या लाकडाच्या करत. शास्त्रीय नावातलं ‘स्कोलॅरिस’ त्यावरूनच आलं म्हणतात. असं हे शाळामास्तरी झाड दिवाळीच्या सुमारास हिरवट-पांढऱ्या फुलांनी लगडतं आणि संध्याकाळ झाली की त्याचा वास थेट चौथ्या मजल्यावर. निम्म्या सोसायटीचं डोकं दुखतं. उरलेल्या निम्म्या सोसायटीचं डोकं पहिल्या निम्म्यामुळे दुखतं. ‘तोडून टाका’ हा ठराव दर कोजागिरीला मसाला दुधाबरोबर येतो. मग मी १९७५च्या झाडं जपण्याच्या कायद्याची आठवण करून देतो. महापालिकेकडे अर्ज, झाडावर नोटीस, लोकांच्या हरकती. एवढं ऐकेपर्यंत दूध संपतं, आणि अर्ज लिहायला बसायच्या आत बहर.

(शिशिरातल्या पानगळीबद्दल न बोललेलं बरं. पाचोळा जाळायला बंदी आहे, म्हणून मी जाळीचा पिंजरा करून खत घातलं. खत झकास झालं. ते न्यायला आजतागायत कुणी आलेलं नाही, आणि ‘पिंजऱ्यात नक्की काय पाळलंय?’ ही तक्रार तेवढी आली.)

आता पान उलटावं की नाही, या विचारात होतो. कारण पुढचं अक्षर माझं. ‘१२ मे. कावळ्याने डोक्यावर टोच मारली. तिसऱ्यांदा. ४०१.’

पार्किंगवरच्या रेन ट्रीत त्याचं घरटं होतं. काड्या कमी, तारा जास्त. त्यात आमच्या दोरीवरचा एक हँगरही मी ओळखला. पिल्लांच्या काळजीने तो येणाऱ्या-जाणाऱ्यावर झडप घालायचा, माझ्यावर जरा आपुलकीने. महिनाभर मी दूध आणायला हेल्मेट घालून गेलो, तेही पायी. म्हणून सेक्रेटरी झाल्यावर पहिलं काम केलं ते पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीचं. परवानगी होती विजेच्या तारेवर आलेल्या दोन फांद्यांची. घरट्याची फांदी तिसरी. ती तारेकडे कललेली नव्हती, मी जरा कलत्या मानेने पाहिली. पिल्लं उडून गेल्यावर पाडली, तेवढी माणुसकी ठेवली. तिसऱ्या रकान्यात आयुष्यातली पहिली नोंद केली : ‘बंदोबस्त केला.’

भाद्रपदात वडिलांच्या तिथीला गच्चीवर पान ठेवलं. वडे, खीर, आमसुलाची चटणी, सगळं साग्रसंगीत. मी ‘काव काव’ म्हणून पाहिलं. ‘या हो’ म्हणून पाहिलं. दोन वाजले, तीन वाजले. खाली घरात मुलांची पोटं खपाटीला. शेवटी बायको वर आली, पानाकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाली, “हेल्मेट आणून देऊ का? नेहमीच्या वेषात ओळखत नसेल.”

वडील तसे शांत स्वभावाचे. त्यांनी गाईवर भागवलं असावं.

मग यंदाचा चैत्र आला. गुढ्या उतरल्या, आंबे आले, आणि वहीत ३०४ यांचं वळणदार अक्षर उमटलं : ‘कोकीळ येत नाही. पहाटे जाग न आल्याने फिरायला जाणे चुकते, साखर वाढली आहे. चौकशी व्हावी.’

चौकशी करायला लांब जायला नको होतं. कोकिळेचं बाळंतपण कावळ्याच्या घरी. ती अंडं घालून मोकळी होते, उबवणं-भरवणं तो बिचारा करतो. आम्ही घरमालकच हुसकावला होता. पोटभाडेकरू कशाला थांबतोय? दोघंही शेजारच्या सोसायटीत गेले, असं तिथल्या सेक्रेटरींच्या फोनवरून कळलं. त्यांना माझ्याकडून ‘बंदोबस्ता’ची माहिती हवी होती. मी म्हटलं, परवानगी मिळत नाही हो, फार कडक कायदा आहे.

आणि ३०४ यांच्या तक्रारीपुढे तिसऱ्या रकान्यात लिहिलं : ‘रेन ट्रीखाली दोन जुने हँगर ठेवले आहेत.’