पाडव्याचे कौटुंबिक चिंतन: साहित्य, विधी आणि पथ्ये

गुढी कशी उभारावी, हे इथे सांगितलेले नाही. काठीला खण कसा चुणायचा, तांब्या कसा पालथा घालायचा, गाठी कडुनिंबाच्या आधी की नंतर, हे सांगणारे जाणकार प्रत्येक मजल्यावर असतात आणि ते न बोलावता येतात. प्रश्न त्यानंतरचा आहे. पूजा आटोपलेली असते, श्रीखंड फ्रीजमध्ये असते, जेवायला तासभर अवकाश असतो आणि घरातले कोणीतरी घसा खाकरून म्हणते, "आज नवीन वर्ष. सगळे जमलोच आहोत, तर जरा बसून बोलू या." या तासातून घर सुखरूप बाहेर कसे काढावे, यासाठी पुढील विधी.

प्रथम काळाचे भान. यंदाचे शके १९४८ आणि संवत्सराचे नाव पराभव. हे नाव पंचांगातून मोठ्याने वाचले जाताच बैठकीत शांतता पसरते, तेव्हा यजमानाने लगेच खुलासा करावा की साठ संवत्सरांची नावे ठरलेल्या क्रमाने येतात आणि त्यात आपल्या घराचा हात नाही. परवाचे वर्ष क्रोधी होते, कालचे विश्वावसु, आजचे पराभव. (कौटुंबिक चर्चा साधारण याच क्रमाने जाते, विश्वावसु वगळून.) खरी काळजीची बाब वेगळीच आहे. यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ असल्याने वर्ष तेरा महिन्यांचे आहे. जो संकल्प सोडाल तो महिनाभर जादा पाळावा लागेल, हे ध्यानात घेऊनच तोंड उघडावे.

पंचांगाचे पूजन झाले की संवत्सरफल वाचतात: पाऊस किती, धान्य किती, राजा कोण, मंत्री कोण. प्रतिपदेला जो वार, त्याचा स्वामी वर्षाचा राजा. यंदा गुरुवार, म्हणून राजा गुरू. मंत्री मंगळ, कारण सूर्य मेषेत जातो त्या दिवशी मंगळवार आहे. घरातला राजा मात्र इतक्या सोप्या रीतीने ठरत नाही. ज्या व्यक्तीला विचारल्याखेरीज श्रीखंड घरी चक्का टांगून करायचे की विकत आणायचे हे ठरत नाही, ती राजा. त्यानंतर डेअरीच्या रांगेत ज्याला उभे केले जाते, तो मंत्री. चिंतनाचे अध्यक्षपद या दोघांनाही देऊ नये.

साहित्य फारसे लागत नाही. कडुनिंबाचा कोवळा पाला आणि फुलोरा, ओवा, जिरे, हिंग, मिरी, चिंच, गूळ, मीठ, एवढ्याची चटणी मात्र हवीच, कारण बैठकीतला एकमेव खरा पदार्थ तोच. चटणी हातावर ठेवताना आयुष्य कडू-गोड असते, ते दोन्ही स्वीकारावे लागते, असे म्हणण्याची प्रथा आहे. हे वाक्य एकाच व्यक्तीने, एकदाच म्हणावे. दुसऱ्याने म्हटले की ते व्याख्यान होते. म्हणणाऱ्याने आपला वाटा सर्वांदेखत, गूळ वेगळा न काढता, आधी खावा. ही अट घातल्यापासून कित्येक घरांत हे वाक्य ऐकू येत नाही, असा अनुभव आहे.

आता आसनव्यवस्था. याच ठिकाणी बहुतेक घरे चुकतात, म्हणून जरा विस्ताराने.

मूल्यांवरची चर्चा हॉलमध्ये होते आणि पुऱ्या स्वयंपाकघरात तळल्या जातात. श्रीखंडाबरोबर पुरी गरम लागते, गरम पुरीसाठी कढईपाशी कोणीतरी उभे राहावे लागते आणि हे कोणीतरी कोण, यावर आजवर कोणत्याही घरात चिठ्ठ्या टाकलेल्या नाहीत. परिणामी काका सोफ्यावर रेलून म्हणतात, "आपल्या घरात मुलगा-मुलगी, सून-लेक असा भेद कधी केला नाही हो," आणि आतून काकूंचा आवाज येतो, "झारा कुठे ठेवलाय कोणी?" भेद नसल्याचे विधान करण्यापूर्वी वक्त्याने खोलीभर नजर फिरवून श्रोते मोजावेत. श्रोत्यांत फक्त पुरुष, मुले आणि पाय दुखतो म्हणून बसलेल्या आत्या असतील, तर विधान पुढच्या वर्षावर ढकलावे.

यावर उपाय असा: चिंतन ओट्यापाशी करावे. तिथे जागा कमी असल्याने लांब भाषणे होत नाहीत, खुर्ची नसल्याने कोणी अध्यक्ष होत नाही आणि जो फार बोलेल त्याच्या हाती कणकेचा गोळा व लाटणे देता येते. पुरी एकसारखी लाटली नाही तर ती फुगत नाही. घराण्याच्या परंपरेवर बोलणाऱ्याला एवढी तांत्रिक माहिती असायला हरकत नाही.

त्यानंतर पूर्वजांचे स्मरण. प्रत्येक घरात आजोबांच्या सचोटीची एक गोष्ट असते. सापडलेले पाकीट परत केले, किंवा साहेबाच्या तोंडावर खोट्या बिलावर सही नाकारली. गोष्ट जरूर सांगावी. दरवर्षी पाकिटातली रक्कम थोडी वाढते, तीही वाढू द्यावी, महागाई सगळ्यांनाच आहे. मात्र गावच्या जमिनीचा, सातबाऱ्यावरच्या नावांचा विषय त्याच बैठकीत काढू नये. दोन्ही विषयांतले आजोबा एकच असले तरी श्रोत्यांना तसे वाटत नाही. धाकट्या पिढीपैकी कोणी "मग आजीचं नाव का नाही लागलं?" असे विचारलेच, तर त्या प्रश्नाला कर्कश म्हणू नये. संस्कार झाले असतील तर असेच प्रश्न येणार. उत्तर नसेल तर चहा टाकावा.

परदेशस्थ सदस्य व्हिडिओ कॉलवर हजर असतो. आपल्याकडे सकाळचे नऊ वाजलेले असतात तेव्हा न्यू जर्सीत आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेअकरा. आपला गुरुवार, त्याचा अजून बुधवारच. तिकडचे मंडळ पाडवा जवळच्या शनिवार-रविवारी साजरा करते. "तिथे सणावाराचं काही राहिलंय का रे तुमच्यात?" असे त्याला विचारण्याचा मोह होतो. तो आवरावा. दुसऱ्या दिवशी ऑफिस असलेला माणूस मध्यरात्री जागून मोबाइलच्या पडद्यात आपली गुढी तिरकी बघतो आहे, एवढा पुरावा पुरे.

आशा-अपेक्षांचा टप्पा सर्वांत नाजूक. वडीलधारे आशा व्यक्त करतात त्या बहुधा इतरांनी करायच्या कामांच्या असतात. पुतणीचे लग्न, नातवाची दहावी, सुनेची दुसरी खेप, मुलाची नोकरीतली बढती. नियम साधा ठेवावा: दुसऱ्याविषयी एक आशा व्यक्त करायची असल्यास आधी स्वतःविषयी एक द्यावी, आणि ती तपासता येण्याजोगी असावी. मामांनी भाचीच्या लग्नाची आशा धरण्यापूर्वी, आपण कानाचे यंत्र घेतले असून ते खिशात नव्हे तर कानात ठेवू, असे जाहीर केल्यास दोन्ही बाजूंचा फायदा होतो. मुलांनाही विचारावे. दहा वर्षांखालची मुले खरे बोलत असल्याने त्यांचा क्रम शेवटी लावावा, म्हणजे निदान तोवरची बैठक नीट पार पडते. "बाबांनी जेवताना फोन बघू नये" अशी आशा आली की सभा आपोआप विसर्जित होते.

संकल्पाच्या बाबतीत आपल्याला भटजींकडून शिकण्यासारखे आहे. पूजेच्या संकल्पात आपण कोण, गोत्र कोणते, संवत्सर, ऋतू, मास, तिथी, वार कोणता, गोदावरीच्या कोणत्या तीरावर बसलो आहोत, हे सगळे सांगितल्याखेरीज पळीभर पाणीही सोडता येत नाही. घरचा संकल्प मात्र असतो: "यंदा एकमेकांना वेळ द्यायचा." कोणी, कोणाला, कुठे, किती? त्याऐवजी असे म्हणावे: "मी दर मंगळवारी संध्याकाळी सातला आजीच्या खोलीत, फोन बाहेर ठेवून, अर्धा तास बसेन." म्हणताना लाज वाटते. वाटू द्यावी. लाज वाटली नाही तो संकल्प बहुतेक शुभेच्छापत्रातला असतो. आजीलाही मंगळवारी सात वाजता मालिका असते का, हे आधी विचारून घ्यावे. वेळ देणाऱ्यांच्या उत्साहात घेणाऱ्याला विचारायचे राहून जाते.

संकल्प मोडला तर काय? आपल्या कालगणनेत याची सोय फार उदारपणे केलेली आहे. १ जानेवारीचे मोडलेले संकल्प पाडव्याला पुन्हा वापरता येतात. पाडव्याचे टिकले नाहीत तर राष्ट्रीय सौर वर्ष २२ मार्चला, म्हणजे यंदा अवघ्या तीन दिवसांनी सुरू होते. सरकारने १९५७ साली हे कॅलेंडर स्वीकारले, पण त्याचा हा उपयोग अजून कोणी केलेला दिसत नाही. पुढे अक्षय तृतीया आहे, दसरा आहे. तेही हुकले तर दिवाळीतली बलिप्रतिपदा. तो अर्धा मुहूर्त असल्याने अर्धा संकल्प चालावा.

सूर्यास्तापूर्वी गुढी उतरवायची असते, तेव्हा विधी दुपारच्या झोपेआधी संपवणे बरे. गाठी मुलांत वाटून टाकाव्यात, समान तुकड्यांचा आग्रह धरू नये, तो धरणारा मोठा माणूस निघतो. राहता राहिला यंदाच्या सर्वांत लोकप्रिय संकल्पाचा प्रश्न: साखर सोडणे. तो सोडणाऱ्यांत घरचे जावई असतील, तर अधिक मासात जावयाला तेहतीस अनारशांचे वाण देण्याची रीत आहे, हे त्यांना आजच सांगावे. त्यांनीही आपला निश्चय सासूबाईंना मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच, आणि शक्यतो स्वतः फोन करून, कळवावा. बायकोकडून निरोप पाठवू नये. तांदूळ तीन दिवस भिजत घालावे लागतात आणि पाणी रोज बदलावे लागते.